होय, आम्ही अलिबागहून आलोय!

भडगावचं पाणी भडगावच्या माणसांआधी समुद्राला पोहोचतं. गिरणा नाशिक जिल्ह्यातल्या सह्याद्रीत उगम पावते, मालेगावच्या अंगाने खानदेशात उतरते, आमच्या गावाला हजेरी लावते, पुढे तापीला मिळते आणि तापी सुरतेच्या पलीकडे अरबी समुद्र गाठते. पाण्याला ना रजा टाकावी लागते, ना कापसाचे पैसे हातात यायची वाट बघावी लागते, ना घरातल्या सोयरिकीच्या बैठकीची तारीख आडवी येते. माणसाला हे सगळं लागतं. शिवाय आमच्या घरात जिभाऊंची परवानगी लागते.

जिभाऊ म्हणजे आमच्या वडिलांचे थोरले भाऊ. खानदेशात प्रत्येक घरी एक जिभाऊ असतोच. नसला तर बापू असतो, आप्पा असतो, नाना असतो. घरातला कोणताही बेत आधी त्यांच्या तोंडून 'नको' ऐकतो आणि मगच पार पडतो. पाण्याच्या बाबतीत तर जिभाऊंचं मन आधीपासूनच साशंक. त्याला इतिहास आहे. 1872 च्या सप्टेंबरात गिरणेला असा पूर आला की भडगावातली शेकडो घरं वाहून गेली, आणि इंग्रजांनी खानदेशच्या गॅझेटियरात त्याची नोंद करून ठेवली. जिभाऊ हे असं सांगतात की तेव्हा ते स्वतः पुलावर उभे होते. पुढे 1969 मध्ये वर गिरणा धरण झालं आणि नदीला शिस्त लागली. आता ती आवर्तनानं येते. म्हणजे धरणातून पाणी सुटतं तेव्हा नदी, बाकीच्या वेळी वाळू. उन्हाळ्यात आमच्या गावच्या गप्पांत लग्नं, कापसाचा भाव आणि 'आवर्तन कधी सुटणार' हे तीनच विषय असतात, आणि तिसऱ्यावर मोर्चाही निघतो.

अशा गावानं समुद्र बघायला जायचं ठरवलं. कुठे जायचं, यावर ओट्यावर बैठक बसली. गोवा हा शब्द उच्चारताच घरातल्या वडीलधाऱ्या आक्कांनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. तो विषय तिथेच मिटला. गणपतीपुळे लांब, महाबळेश्वरला समुद्र नाही, आणि मुंबईचा समुद्र बघायला गेलं की नातेवाइकांकडे उतरावं लागतं. शेवटी धाकट्या पुतण्यानं अलिबाग सुचवलं. क्षणभर शांतता पसरली आणि मग सगळा ओटा हसला. 'अलिबागहून आलाय का?' हा सवाल ज्याला कधी ना कधी ऐकावा लागला नाही, असा मराठी माणूस सापडणं कठीण. बावळट, भोळसट, शहरात नवखा, या तिन्हींसाठी महाराष्ट्रानं एका अख्ख्या गावाला कामाला लावलं आहे. एका अलिबागकरानं ही थट्टा बंद व्हावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली होती. 2019 मध्ये न्यायालयानं ती याचिका फेटाळली: विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका, अशा अर्थाचा सल्ला देऊन. म्हणजे 'अलिबागहून आलाय का' विचारायला आता जवळजवळ न्यायालयीन मोकळीक आहे.

हे आम्हाला कुठेतरी लागलं. कारण खानदेशचं पोरगं पुण्यात शिकायला गेलं की पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये त्याच्या अहिराणीची नक्कल सुरू होते. 'काय शे भो?' असं त्याला दिवसातून दहा जण विचारतात. त्यातल्या एकालाही उत्तर नको असतं. तेव्हा ज्या गावावर हसतात ते गाव एकदा बघून यावं, असा ठराव झाला. जिभाऊ 'नको' म्हणाले. म्हणजे जायचं नक्की झालं.

क्रुझर ठरली. खानदेशात लग्न, दशक्रिया, देवदर्शन आणि दवाखाना या चारही गोष्टी क्रुझरनंच होतात. मागे दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तिखटाची बरणी, पापड आणि 'तिकडचं पीठ कसं असंल कोणास ठाऊक' म्हणून कळण्याचं पीठ. या पिठाची तिकडे भाकरी कोण आणि कशावर थापणार होतं, हे कोणी विचारलं नाही. पीठ सोबत असलं की मनाला धीर असतो.

वाटेत नाशिक ओलांडल्यावर एका गोष्टीचा शोध लागला आणि अलिबागबद्दल आपुलकी वाढली. भडगाव तालुक्याचं गाव, पण भडगाव नावाचं रेल्वे स्टेशन नाही. आगगाडीनं यायचं तर कजगावला उतरायचं आणि तिथून मिळेल त्या वाहनानं गावात यायचं. अलिबाग तर जिल्ह्याचं ठिकाण! रायगड जिल्ह्याचा सगळा कारभार तिथून चालतो, पण प्रवासी गाडीनं जायचं तर उतरायचं पेणला. बरं, जिल्ह्याला नावही अलिबागचं मिळालं नाही. आधी कुलाबा जिल्हा होता, 1981 मध्ये तो रायगड झाला. कलेक्टर यांच्याकडे, नाव किल्ल्याचं, स्टेशन शेजाऱ्याचं. इतकं सोसूनही ज्यांचा बोभाटा नाही, त्यांना लोक भोळे म्हणणारच.

वडखळ सोडलं की रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसायला लागतात. बायका कांद्याच्या पातीची वेणी घालतात आणि तिच्यात कांदे गुंफतात. हा अलिबागचा पांढरा कांदा. गोडसर, कच्चा खाल्ला तरी डोळ्यांत पाणी आणत नाही, आणि त्याला भौगोलिक मानांकनही आहे. जिभाऊंनी क्रुझर थांबवली. खानदेशी माणसाला कांदा गोणीत बघायची सवय. वेणीतला कांदा बघून ते गंभीर झाले.

"कितलाना शे?" त्यांनी विचारलं.

बाईंना अहिराणी कळली नाही, पण भाव विचारणारा चेहरा जगात सगळीकडे सारखा असतो. त्यांनी आकडा सांगितला. जिभाऊंनी मनातल्या मनात एका माळेचे कांदे मोजले, त्यावरून क्विंटलचा भाव काढला आणि हातातली माळ एकदम दोन्ही हातांनी धरली. "ह्या भावमा आपला कांदा गया ते मी वावरमा बंगला बांधसू," असं म्हणत त्यांनी दोन माळा घेतल्या. घासाघीस केली नाही. शेतकऱ्याचा माल शेतकऱ्यानंच विकत घेताना कसली घासाघीस? आमच्या जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्यालाही 2016 मध्ये असंच मानांकन मिळालं, पण त्यांची वेणी घालायचं आम्हाला अजून सुचलेलं नाही.

मग समुद्र आला. पहिल्यांदा समुद्र बघणाऱ्या माणसानं स्तब्ध व्हावं, असं पुस्तकांत असतं. आमच्यात तसं कोणी झालं नाही. आक्का "माय वं!" म्हणाल्या आणि त्यांनी हात जोडले, कारण एवढं मोठं काही दिसलं की आधी नमस्कार करायचा आणि नंतर चौकशी, हा त्यांचा रिवाज. जिभाऊ मात्र खाली बघत होते. अलिबागच्या किनाऱ्याची वाळू काळसर आणि बारीक. त्यांनी मूठभर उचलली, बोटांत चोळली, वारा कुठला आहे ते बघून सोडून दिली, आणि डाव्या-उजव्या हाताला नजर जाईल तिथवर पाहून विचारलं:

"इतली वाळू पडेल शे, नि एक बी डंपर नही?"

गिरणाकाठच्या माणसाचा हा प्रश्न गिरणाकाठच्या माणसालाच कळेल. आमच्याकडे वाळूचं मोल ब्रासमध्ये होतं, तिचे लिलाव निघतात, रात्री-अपरात्री ट्रॅक्टर फिरतात आणि महसूल खात्याची अर्धी शक्ती त्यांच्या मागे फिरण्यात जाते. एखादी वस्तू उघड्यावर पडलेली आहे, तिला राखण नाही, आणि तरीही ती कोणी नेलेली नाही, हे जिभाऊंना पटेना. खारी वाळू बांधकामाला चालत नाही, लोखंड गंजतं, असं पुतण्यानं समजावलं. तेव्हा त्यांनी समुद्राकडे प्रथमच नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि शेतकऱ्याच्या जातीला शोभेल असा निकाल दिला:

"इतलं पानी शे, नि एक वावर भिजत नही!"

पण समुद्राची खरी ओळख पटली ती भरती-ओहोटीनं. अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रातच आहे, आणि त्याची मौज अशी की ओहोटीला पायी जाता येतं, भरतीला वाट बुडते. मधल्या वेळी घोडागाडी पाण्यातून खेचत नेते. किनाऱ्यावरच्या गाडीवाल्यानं सांगितलं, "आता भरती आहे काका, दुपारी पाणी उतरेल."

"दुपारी उतरी, मंग परत कव्हय सुटस?" जिभाऊंनी विचारलं. त्यांच्या दृष्टीनं पाणी आपोआप येत नसतं, कोणीतरी ते सोडतं.

"परत रात्री. दिवसातून दोनदा येतं."

जिभाऊ थक्क झाले. आमच्याकडे सिंचनाच्या एका आवर्तनासाठी निवेदनं द्यावी लागतात, पालकमंत्र्यांची बैठक लागते, आणि इथे दिवसातून दोनदा! तेही शेती नाही, वीजनिर्मिती नाही, नुसतं येऊन परत जायला. "इठला आमदार कोन शे?" त्यांनी अत्यंत आदरानं विचारलं. हे चंद्रसूर्याचं काम आहे आणि त्यात लोकप्रतिनिधीचा संबंध नाही, हे ऐकून त्यांचा थोडा विरसच झाला.

इथे आक्का पुढे आल्या. भरती किती वाजता असते हे कसं ओळखता, असं त्यांनी गाडीवाल्याला विचारलं. त्यानं कोकणातला जुना हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट करायची, जे येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही तेवढीच पुढे सरकते. पुतण्या मोबाईलमध्ये तक्ता शोधू लागला. रेंज येत-जात होती. आक्कांना मोबाईल लागत नाही. चाळीस वर्षं उपास धरणाऱ्या बाईला आजची तिथी शोधावी लागत नाही. "आज एकादशी. अकराना पाऊणपट सव्वाआठ. सव्वाआठले भरती, सव्वादोनले ओहोटी," त्यांनी जागच्या जागी सांगितलं. गाडीवाला म्हणाला, "बरोबर, आजी." त्या दिवशी आमच्या घरातल्या सत्तेचं केंद्र सरकलं. जिभाऊ पुढचा सगळा प्रवास आक्कांच्या मागून चालले.

कुलाबा किल्ला शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये बांधायला घेतला आणि संभाजी महाराजांच्या काळात तो पुरा झाला. तटाजवळ गेलं की एक गोष्ट ध्यानात येते: मोठमोठे दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरतं, तिचा जोर मोडतो आणि भिंत उभी राहते. ज्यांनी हे बांधलं त्यांनी सिमेंटची जाहिरात बघितली नव्हती, म्हणून ते तीनशे-साडेतीनशे वर्षं टिकलं. आमच्याकडे बंधाऱ्याला पहिल्या पावसात भगदाड पडतं आणि दुसऱ्या पावसात त्याची चौकशी वाहून जाते, हा विषय जिभाऊंनी तिथे उभा राहून काढला, पण समोर ऐकायला अभियंता नव्हता.

या किल्ल्याचं नाव जगभर केलं ते कान्होजी आंग्र्यांनी. ते सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख. इंग्रज, पोर्तुगीज, डच अशी सगळी दर्यावर्दी मंडळी या किनाऱ्यावर व्यापार करायची, आणि कान्होजींचं म्हणणं साधं होतं: इथून जायचं असेल तर आमचा परवाना घ्या, दस्तक घ्या. न घेता गेलात तर जहाज आमचं. इंग्रजांनी त्यांना 'चाचा', म्हणजे समुद्री लुटारू, ठरवलं. गंमत अशी की इंग्रज स्वतःही असेच परवाने देत होते. तो व्यवहार, आणि आंग्र्यांचा तो दरोडा. गाईड हे सांगत असताना जिभाऊंनी मध्येच तोंड घातलं: "मंग तो चोर कसा? तो ते टोल लेत व्हता!" गाईड हसला आणि त्यानं ते वाक्य वहीत लिहून घेतलं. पुढच्या पर्यटकांना ते फुकट ऐकायला मिळत असणार.

1721 च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले. इंग्लंडच्या राजाच्या आरमाराची जहाजं कमोडोर मॅथ्यूजच्या हाताखाली, शिवाय जमिनीवरून फौज. एवढा लवाजमा घेऊन त्यांना अलिबागचं काही वाकडं करता आलं नाही. कान्होजींच्या मदतीला बाजीराव धावून आला, आणि हल्ला फसला. मग दोस्तांत भांडण. रागानं लाल झालेल्या मॅथ्यूजनं किनाऱ्यावर येऊन पोर्तुगीज सेनापतीच्या तोंडात आपली काठी खुपसली, असं त्या मोहिमेबद्दल क्लेमंट डाउनिंग या इंग्रजानं लिहून ठेवलं आहे. पोर्तुगीजांनी पुढे निमूटपणे मराठ्यांशी वेगळा तह करून टाकला. लढाईनंतर आपसात मारामारी करणाऱ्या दोन युरोपीय सत्ता, आणि भोळे कोण? तर अलिबागकर!

कान्होजी 1729 मध्ये वारले. त्यांची समाधी गावातच आहे. पुढच्या पिढ्यांत भाऊबंदकी झाली. सातबारा असो वा आरमार, वाटणीला बसलं की मराठी माणूस एकच. 1840 मध्ये वारस नसल्याचं कारण दाखवून इंग्रजांनी हे संस्थान खालसा केलं. जे काम चार जहाजांना जमलं नाही ते एका कागदानं केलं. किल्ल्यात आज चाकांवरच्या दोन लोखंडी तोफा उभ्या आहेत. त्यांवर यॉर्कशायरच्या कारखान्याचं नाव आणि 1849 साल आहे, म्हणजे आंग्र्यांच्या किल्ल्यात आंग्र्यांच्या नंतरच्या, इंग्रजी बनावटीच्या तोफा. प्रत्येक पर्यटक याच तोफेवर हात ठेवून 'मर्द मराठ्यांची तोफ' म्हणून फोटो काढतो. आम्हीही काढला. फोटोत साल दिसत नाही.

किल्ल्याच्या मध्यात गणपतीचं देऊळ आहे, पंचायतनाचं, राघोजी आंग्र्यांनी 1759 मध्ये बांधलेलं. शेजारी गोड्या पाण्याचा तलाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधोमध गोडं, याचं आक्कांना इतकं कौतुक वाटलं की त्यांनी सोबतच्या बाटलीतलं बिसलेरी ओतून दिलं. तलावातलं पाणी त्यांना कोणी भरू दिलं नाही. मग परत येईपर्यंत त्या निर्जळी एकादशी करत होत्या, आणि ती समुद्रात केल्याचं पुण्य जास्त, असं त्यांचं म्हणणं.

किनाऱ्यावर परतल्यावर भुकेचा प्रश्न निघाला. खानावळीत पाटी होती: सुरमई थाळी, पापलेट थाळी, बोंबील फ्राय. आमच्यातले निम्मे माळकरी आणि उरलेल्यांची मजल काळ्या मसाल्याच्या रश्श्यापर्यंत. काट्यांच्या माशाला कुठून सुरुवात करायची ही विद्या गिरणेत पाणी असतं तेवढ्याच दिवसांत शिकायला मिळते, त्यामुळे ती कोणाची पक्की नाही. जिभाऊंनी वेटरला विचारलं, "शेवभाजी भेटी का?"

वेटर जरा विचारात पडला. "शेव आहे ना. पण ती भेळेत मिळेल. बाहेर, गाडीवर."

शेव रश्शात टाकतात आणि त्याची भाजी होते, हे ऐकून त्यानं आतून आचाऱ्याला बोलावलं. आचाऱ्यानं संपूर्ण कृती ऐकून घेतली: कांदा-खोबरं भाजायचं, मसाला काळा हवा, शेव जाड, आणि ती ताटात वाढतानाच टाकायची, नाहीतर लगदा. शेवटी त्यानं सोलकढी पाठवली, पैसे न घेता. गुलाबी रंग बघून सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पिऊन झाल्यावर कोणी कोणाकडे पाहिलं नाही, सगळे ग्लास पुढे करत होते. एकादशीमुळे आक्कांना फक्त राजगिऱ्याचा लाडू मिळाला, पण कोकमाची पाच पाकिटं त्यांनी परतीसाठी घेतली.

बहुतेक लोकांचं अलिबाग इथे संपतं: समुद्र, किल्ला, थाळी, घोडा, भेळ. याच गावात शंभर वर्षांहून जुनी चुंबकीय वेधशाळा आहे, हे मुंबईहून दर शनिवारी येणाऱ्यांनाही सांगावं लागतं. कथा अशी. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं पूर्वी मुंबईत कुलाब्याला घेत. मग मुंबईत विजेची ट्राम येणार, असं ठरलं. विजेच्या तारांमुळे ही नाजूक यंत्रं बिघडणार, म्हणून नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस या शास्त्रज्ञानं नवी जागा शोधली ती अलिबागची. 1904 मध्ये इथे वेधशाळा सुरू झाली. दोन्हीकडच्या नोंदी काही काळ ताडून पाहिल्या, मग कुलाब्याचं काम थांबलं. इमारतीत लोखंड वापरायचं नाही, ही अट. चुंबकाला खिळाही चालत नाही. मुंबईत ट्राम धावली ती 1907 मध्ये, आणि 1964 मध्ये ती कायमची बंदही झाली. पण वेधशाळा काही परत गेली नाही. सूर्यावर वादळ उठलं की पृथ्वीच्या चुंबकत्वाला जो धक्का बसतो, त्याची नोंद इथे होते, आणि जगातले शास्त्रज्ञ त्या नोंदी वापरतात. त्यांच्यात कोणी 'अलिबागहून आलं का?' असं विचारलं, तर तो प्रश्न माहितीचा असतो.

आत जायला परवानगी लागते, म्हणून आम्ही बाहेरूनच पाहिलं. तरीही जिभाऊंनी कमरेची लोखंडी चुन्याची डबी काढून क्रुझरमध्ये ठेवली. "आपलामुळे जगना हिशेब चुकाले नको," ते म्हणाले.

अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागलं की आक्षी गाव येतं. तिथला शिलालेख शके 934 चा, म्हणजे इ.स. 1012 चा मानला जातो, आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. शिलाहारांच्या काळातला. वर चंद्र-सूर्य, खाली दानाचा मजकूर, आणि शेवटी दान मोडणाऱ्याला गद्धेगाळ, म्हणजे गाढवाची शिवी. पुतण्यानं मोबाईलवरून तिचा अर्थ वाचला आणि आक्कांनी कानावर हात घेतले. जिभाऊ मात्र खूश. हजार वर्षांपूर्वीचा मराठी माणूस जमिनीबद्दल लिहितो आणि शेवटी शिवी देतो, यात त्यांना आपल्या तालुक्याच्या जमिनीच्या वादांची प्राचीन परंपरा दिसली. मराठीला अभिजात दर्जा 2024 मध्ये मिळाला. या शिळेला तो आधीच पटला असावा.

अलिबागजवळचंच आणखी एक गाव नवगाव. तिथे समुद्रात जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया किनाऱ्याला लागल्या, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते. हे ज्यू लोक तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी ते कामाला सुट्टी देत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. अलिबागच्या इस्रायल आळीत त्यांचं प्रार्थनामंदिर अजून आहे. 1948 नंतर बरेच जण इस्रायलला गेले, आणि तिथे जाऊनही 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढत राहिले. पुण्यातल्या मेसमध्ये आठ दिवसांत अहिराणी सोडणाऱ्या आमच्या पोरांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

संध्याकाळी फार्महाऊसांच्या गल्लीतून फेरी झाली. उंच भिंती, आत नारळ, पोहण्याचे तलाव, मुंबईच्या बड्या मंडळींची नावं. "फार्म कोठे शे?" जिभाऊंनी दोनदा विचारलं. ज्या शेतात पिकापेक्षा गवत जास्त जपलं जातं त्याला फार्महाऊस म्हणतात, असं त्यांना सांगितलं. आमच्याकडे शेतातलं घर म्हणजे मोटरीची पेटी, दोन पत्रे आणि रात्रीची वीज आली तर मोटर चालू करायला झोपलेला एक माणूस. याच भागातल्या चरी गावात 1933 मध्ये कुळांनी संप केला होता: खोताची जमीन कसणार नाही. नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली तो सहा वर्षं चालला. लोक उपाशी राहिले, जंगलातली लाकडं विकली, पण शेतात उतरले नाहीत. 1937 मध्ये डॉ. आंबेडकरांनी कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं, त्यामागे याच माणसांचं बळ होतं. हे ऐकताना जिभाऊ पहिल्यांदाच काही बोलले नाहीत. कर्जमाफीच्या याद्यांत नाव शोधत ज्यांची हयात गेली, त्यांना सहा वर्षांचा संप म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

मुक्काम आटोपून परत आलो, आणि भडगावात पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणेच आला. पाहुणे, शेजारी, केस कापणारा, किराणावाला, सगळ्यांनी डोळे मिचकावत विचारलं: "काय, अलिबागहून आलाय का?" जिभाऊंनी प्रत्येकाला धरून बसवलं आणि इंग्रज-पोर्तुगीजांची काठी, सव्वाआठची भरती, गाढवाची शिवी आणि चरीचा संप सगळं ऐकवलं. आठ दिवसांत गावातल्या लोकांनी तो प्रश्न विचारणं बंद केलं. उच्च न्यायालयाला जे करता आलं नाही ते जिभाऊंनी ओट्यावर बसून केलं.

आता अलिबागकरांना एक विनंती. तुमच्याकडून आमच्याकडे कोणी आलं तर 'तुमच्या गावात बघण्यासारखं काय?' असा प्रश्न येईल, आणि आम्ही सवयीनं म्हणू, 'अजिंठा लेणी. पाटणादेवी. पितळखोरं.' म्हणजे सगळं दुसऱ्याच्या तालुक्यातलं. तरीही थांबा. तालुक्यात महानुभावांचं कनाशी आहे. इंग्रजांनी कापसाचे प्रयोग करायला सरकारी शेत काढलं ते भडगावात. आणि शेवभाजी आहे, ती भेळेत मिळत नाही.

वाचकांनी मात्र अलिबागला जरूर जावं, पण भरतीचा हिशेब पाठ करून. तिथीची पाऊणपट. आणि तिथून परतल्यावर कोणी डोळे मिचकावून विचारलंच, तर त्याला आधी आक्षीचा शिलालेख कुठे आहे ते विचारा. उत्तर आलं नाही, तर भोळा कोण ते तिथेच ठरून जाईल.